दुसऱ्याच्या पेटीवर आपलं नाव

हापूसच्या पेटीच्या फळीवर काळ्या शाईने एक खूण उमटवलेली असते. कोणाची दोन अक्षरं, कोणाची चांदणी, कोणाचं फूल. पत्र्यात ती आकृती कापून घेतात, पत्रा फळीवर धरतात आणि वरून शाईचा बोळा फिरवतात. त्या पत्र्याला छापा म्हणतात आणि उमटलेल्या खुणेला मार्का. वाशीच्या बाजारात दलाल पेटी उघडण्याआधी मार्का बघतो, आणि पुष्कळदा भाव तिथेच ठरतो.

ज्याची कलमं थोडी, त्याच्या पेट्याही थोड्या. तेवढ्यासाठी स्वतःचा मार्का चालवणं परवडत नाही, कारण तो बाजाराच्या डोळ्यांत बसायला काही हंगाम जावे लागतात. म्हणून खाडीकाठच्या गावांत एक रीत होती. ज्याचा मार्का चालतो त्याच्या अंगणात भावकीतले आणि शेजारचे आपापल्या पेट्या आणून ठेवत. त्या सगळ्या त्याच मार्क्यावर वाशीला जात. विक्रीची पट्टी, म्हणजे दलालाचा हिशेब आणि पैसे, एकाच नावाने येई आणि मग पडवीत बसून ज्याचे त्याला वाटप होई. याचा मोबदला कोणी घेत नसे. हिशेब तपासणाऱ्या माणसाला ही रीत पहिल्यांदा कळली की घाम फुटतो. मलाही फुटला होता. पण माझा संबंध विक्रीकराशी. ताज्या आंब्याला तो नव्हता, म्हणून मी गप्प बसलो.

मी रत्नागिरीत विक्रीकर सल्लागार होतो. लोक मला वकीलसाहेब म्हणत आणि मी प्रत्येकाला सांगत असे, की मी वकील नाही, मी फक्त कराची विवरणपत्रं भरतो आणि अधिकाऱ्यासमोर उभा राहतो. माझी बायको सुनंदा म्हणायची, "अहो, लोक मान देतायत तर घ्या की. पावती थोडीच मागतायत?" पण जे आपलं नाही ते घ्यायचं नाही, असा माझा स्वभाव. त्याचा घरात त्रास होत असे, हेही खरं.

2004 मध्ये विक्रीकराचा कायदा जाऊन व्हॅट येणार हे नक्की झालं. वीस वर्षं जी कलमं पाठ केली ती रद्दीत निघणार होती. नवा कायदा शिकावाच लागणार होता, तर मग आणखी एक शिकू, असा माझा साधा हिशेब. वर्तमानपत्रात नोकरी-धंदा सांभाळून इंटरनेटवरून करण्याच्या पदविकेची जाहिरात आली होती. विषय बौद्धिक संपदा कायदा. म्हणजे हात लावता येत नाही, पण चोरता येते अशा मालमत्तेचा कायदा. धंद्याचं नाव, पुस्तक, गाणं, शोध, असं सगळं त्यात आलं. पनवेलपुढे गेल्याशिवाय या विषयाचा जाणकार भेटत नाही, एवढं मला माहीत होतं. मी नाव घातलं. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि मुलगी बारावीला.

आता लोक मोबाइलवर चालत्या एसटीत वर्ग करतात, म्हणून तेव्हाचं सांगतो. घरचा फोन कॉम्प्युटरला जोडायचा, मोडेमची किरकिर ऐकत थांबायचं, आणि जोडणी लागली की फोन बंद. अशिलं सोमवारी येऊन विचारत, "साहेब, काल फोन उतरवून ठेवला होता काय?" वर्ग रविवारी सकाळी अकराला. आवाज नाही, चेहरा नाही. बंगळुरूच्या एक बाई शिकवायच्या, म्हणजे टाइप करायच्या, आणि आम्ही खाली टाइप करून विचारायचं. वर्गात औषध कंपनीतले इंजिनिअर, दिल्लीचे वकील. त्यांची बोटं भराभर चालत. माझा प्रश्न टाइप होईपर्यंत वर्ग दोन मुद्दे पुढे गेलेला असे. मग मी शनिवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत धडा वाचून प्रश्न तयार करून ठेवू लागलो आणि वर्गात नुसता चिकटवू लागलो. बाईंनी एकदा लिहिलं, की रत्नागिरीचे विद्यार्थी सर्वांत तयारीचे दिसतात. मुलगी मागून वाचत होती. तिने ते सगळ्या आळीत सांगितलं.

वीज मात्र रविवार बघत नसे. भारनियमनाने मी कितीतरी वर्ग अर्धेच केले.

रुकय्याभाभी त्याच पावसाळ्यात आल्या. भाट्याच्या पुलापलीकडचं गाव, वय पन्नाशीच्या पुढे, नवरा वारलेला. सासरे गलबतावर नाखवा, म्हणजे कप्तान होते, म्हणून त्यांच्या मार्क्यात शिडाची आकृती. शीड मार्का वाशीत जुना आणि चांगल्या भावाचा. भाभींनी आमरस डबाबंद करण्याचं छोटं युनिट टाकलं होतं आणि त्याचा विक्रीकर माझ्याकडे. त्यांचा मुलगा इम्रान आठ वर्षं दुबईत होता. तिथला एक दुकानदार शीड मार्क्याचा रस आणि आंबा दरवर्षी घ्यायला तयार होता, पण नाव सरकारदरबारी नोंदलेलं हवं ही त्याची अट. तो व्यवहार जमला असता तर इम्रान परत येणार होता. म्हणून मुंबईच्या एका एजंटाकरवी त्यांनी नोंदणीचा अर्ज केला होता. तो एजंट मध्येच धंदा सोडून गेला.

त्यांनी पिशवीतून एक जाड पाकीट काढलं. "जाधवसाहेब, हा कागद काय हाय ता बघा. मला वाटला बँकेचा."

ती विरोधाची नोटीस होती. वाशीचाच एक दलाल, भाभींच्या पेट्या वर्षानुवर्षं विकणारा, नोंदणीला हरकत घेत होता. हा धडा नुकताच झाला होता. नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत लेखी उत्तर गेलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. विक्रीकरात मुदत वाढवून मिळते, दंड भरून सुटका होते. इथे तसलं काही नव्हतं. आणि पाकीट भाभींच्या कपाटात महिन्यापेक्षा जास्त पडून होतं.

मी त्यांना आधी माझा नेहमीचा पाठ म्हणून दाखवला, की मी वकील नाही, या कायद्याचा नुसता विद्यार्थी आहे, परीक्षाही झालेली नाही. त्या म्हणाल्या, "मंग पास झालेला कोण हाय हिकडं?"

मी ओळखीतून मुंबईच्या एका वकिलांना फोन लावला, त्यांनी काम घेतलं, आणि मी इथून कागद तयार करून द्यायचे असं ठरलं.

दलालाचं म्हणणं हुशारीचं होतं. शीड मार्क्याच्या पेट्या एका बागेच्या नाहीतच, असं तो म्हणत होता. अनेक बागायतदार तो मार्का लावतात. या सगळ्या पेट्या येतात माझ्याच गाळ्यावर, म्हणून बाजार शीड मार्का ओळखतो तो माझ्यामुळे. नाव ज्याच्यामुळे ओळखलं जातं त्याचं.

मुंबईचे वकील फोनवर म्हणाले, साफ नाकारा. लिहा की फक्त आमच्याच बागेचा माल जातो, सिद्ध करणं त्याच्यावर आहे. ते त्यांच्या जागी बरोबर असतील. पण कागदाच्या शेवटी भाभींना सही करायची होती, की वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. आणि तो खरा नव्हता. भाभींच्या अंगणात अर्ध्या वाडीच्या पेट्या मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या होत्या. खरं लिहावं तर दलालाचंच म्हणणं शाबीत होत होतं. माझ्या वाचनाप्रमाणेही तसंच होत होतं, कारण नाव ज्याला त्याला वापरू दिलं तर त्याची ओळख पुसते, हे पुस्तकात स्पष्ट होतं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजारधर्म हाच भाभींच्या विरुद्धचा पुरावा.

जेवण जाईना. सुनंदा म्हणाली, "नाकारायचंय तर वकील नाकारतील. तुमचं काय जातंय?" मी म्हटलं, सही भाभींची आहे. ती म्हणाली, "मग त्यांना विचारा ना, तुम्हीच काय ठरवताय?" ते योग्य होतं, पण विचारण्याआधी मला दुसरी वाट हवी होती.

त्या रविवारी मी नाव-गाव गाळून सगळी हकिगत प्रश्नात घातली आणि वर्ग उघडताच चिकटवली. बाईंनी आधी लिहिलं, की हा वर्ग आहे, सल्ला नाही. मग थोडा वेळ पडदा कोराच राहिला. मी घड्याळाकडे बघत होतो, कारण वीज कधीही गेली असती. मग ओळ उमटली. नाव किती जण वापरतात हा प्रश्न दुय्यम आहे. त्या नावाखाली जाणाऱ्या मालाचा दर्जा कोण ठरवतो?

त्याखाली त्या आणखी काही लिहीत होत्या, आणि पंखा थांबला.

मी स्कूटर काढली ती थेट भाभींच्या घरी. दुपारचं जेवण होऊन त्या पडवीत सुपारी कातरत होत्या. मी विचारलं, छापा कोणाकोणाला देता?

त्या दुखावल्या. "छापा? छापा कोणाला देत नायत. पेटी आणतात लोक आमच्याकडं."

मग मी एकेक विचारत गेलो. पेटी आली की पुढे काय होतं? त्यांना हे सांगण्यासारखं काही आहे असंच वाटत नव्हतं. सासऱ्यांच्या वेळेपासून अंगणात एक मोठं तांब्याचं घंगाळ असतं, पाण्याने भरलेलं. दुसऱ्याची पेटी आली की ती उघडून शंका वाटेल ते फळ पाण्यात सोडायचं. तयार फळ तळाशी बसतं, कोवळं वर तरंगतं. तरंगलं, चिकाने डागलं, देठ मोडलेलं निघालं, की बाजूला. फार निघाली तर अख्खी पेटी परत. मग पेंढा घालून पुन्हा भरायची आणि शेवटी छापा. तो छापा भाभी स्वतः मारायच्या, आधी सासू मारायची.

"परत केली की लोकांना राग येत नाही?"

"येतो की. लतीफ तर महिनाभर बोलत नव्हता. पुढल्या वर्षी पुना आणली."

लतीफ म्हणजे त्यांचा चुलत दीर, शेजारच्याच घरातला.

मी तिथेच कागद काढला. दुसऱ्यांच्या पेट्या जात होत्या हे मान्य, असं लिहिलं. पण प्रत्येक पेटी तपासली जाई, नापसंत माल परत जाई, आणि छापा अंगणाबाहेर कधी गेला नाही. मुंबईच्या वकिलांना रात्र होण्याआधी एसटीडी बूथवरून वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हे चालेल. जोखीम आहे, पण चालेल. पुढे शेजाऱ्यांकडून लेखी आणावं लागेल."

पोस्टावर सोपवायला मन घेईना. भाभींची सही घेऊन मी स्वतः रेल्वेने निघालो. खेडला गाडी थांबली ती थांबलीच. पुढे दरड आली होती. मुदतीचा शेवटचा दिवस दुसऱ्याच दिवशी होता. स्टेशनवर तासभर वाट बघून मी बाहेर पडलो, एसटी डेपोवर पनवेलची गाडी धरली आणि कागद पोटाशी धरून बसून राहिलो. खिडकीतून पाणी येत होतं म्हणून शेजारच्या गृहस्थांनी मला जागा बदलून दिली. त्यांना वाटलं, पिशवीत एक्स-रे आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी वकिलांच्या माणसाने नोंदणी कार्यालयाच्या खिडकीवर कागद दिले आणि पोच घेतली. मी बाहेर येऊन वडापाव खाल्ला. त्याच आठवड्यात माझी सत्रपरीक्षा होती. ती हुकली. पुढच्या सत्रात दिली.

हे झालं सोपं. अवघड पुढे होतं.

काही महिन्यांनी पुराव्याची वेळ आली. शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं लागणार होती. मजकूर असा, की आमच्या पेट्यांवर शीड मार्का रुकय्याबींच्या परवानगीने आणि तपासणीनंतर लागत होता, आणि मार्क्यावर आमचा हक्क नाही. शुक्रवारची नमाज झाल्यावर सगळे भाभींच्या पडवीत जमले. मी एकेक वाक्य मराठीत समजावून सांगितलं. माणसं मान हलवत होती. भाभी आतल्या दारात उभ्या होत्या.

लतीफ शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाला, "साहेब, एक विचारू? त्या पत्र्यात शीड माझ्या बापाने कापलाय. नाखव्याच्या गलबतावर तांडेल होता तो. मंग माझा हक्क नाय असा मी कसा लिहून देऊ?"

तांडेल म्हणजे खलाशांचा मुकादम. छाप्याचं हे मला माहीत नव्हतं. दलालाचा माणूस लतीफला भेटून गेला होता, हे मात्र गावात सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, कापणारा आणि मालक यांत कायदा फरक करतो. त्याने हात वर केला.

"कायदा ऱ्हाऊं दे. ह्या सईनंतर पुढल्या हंगामात माझ्या पेटीवर शीड मारायचा की नाय, ता कोण ठरवणार?"

भाभींचा भाऊ माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. काहीतरी गोल बोलून वेळ मारून नेता आली असती. सगळं पहिल्यासारखंच राहील, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं मी बोलत नाही.

"रुकय्याभाभी ठरवतील," मी म्हटलं. "आणि त्यांच्यानंतर इम्रान. तुमचा त्यावर काही जोर राहणार नाही."

लतीफ उठला, चपला पायांत सरकवल्या आणि गेला. त्याच्यामागोमाग आणखी दोघे. भाभींच्या भावाने मला ऐकू जाईल असं म्हटलं, की वकील आपल्या बाजूचा आणायला हवा होता. या वेळी मी वकील नाही हे सांगितलं नाही. भाभी मात्र एवढंच म्हणाल्या, "खरा बोलले ते. बसा, चाय घेऊन जावा."

जे राहिले त्यांनी सह्या केल्या. पण लतीफशिवाय पुरावा लंगडा होता, आणि तो दलालाच्या बाजूने उभा राहिला असता तर सगळं संपलं असतं. पंधरवडाभर मी रोज दाराकडे बघत होतो. वर्गात पेटंटचा धडा चालू होता, त्यातलं अक्षर डोक्यात शिरलं नाही.

एका सकाळी लतीफ एकटाच माझ्या ऑफिसात आला. स्टुलावर बसून त्याने टोपी काढली. त्याचं बोलणं तुटक होतं. त्या दलाल शेठने त्याला चांगले पैसे देऊ केले होते. पण आजवर त्याचा आंबा परत आला तो फक्त रुकय्याच्या अंगणातून. वाशीहून त्याची एकही पेटी कधी परत आली नव्हती. सही करीन म्हणाला, एका अटीवर. छापा त्याच्या बापाने कापला हे त्यात लिहायचं.

मुंबईचे वकील फोनवर वैतागले. हे वाक्य म्हणजे समोरच्याच्या हातात काठी देणं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, माणूस शपथेवर जे सांगतोय त्यातलं आपल्याला हवं तेवढंच घ्यायचं का? त्यांनी फोन ठेवला. मी वाक्य घातलं आणि लतीफला नोटरीकडे घेऊन गेलो.

सुनावणी यायला आणखी काही वर्षं गेली. तोपर्यंत मी पदविका पूर्ण केली होती, नावं नोंदणाऱ्या एजंटाची सरकारी परीक्षाही पास झालो होतो, आणि पाटीवर व्हॅटच्या खाली आणखी एक ओळ आली होती. सुनावणीत मी मागे बसलो होतो. दलालाच्या वकिलाने ते वाक्य बरोबर उचललं. छापाच दुसऱ्याने बनवलेला, वापर दहा घरांचा, मग या बाईंचं यात आहे काय? अधिकारी बराच वेळ लतीफचा कागद वाचत होते. आमच्या वकिलांनी सांगितलं, की लेबल छापणारा छापखाना लेबलाचा मालक होत नाही. अधिकाऱ्यांनी मान वर करून विचारलं, "आणि हा साक्षीदार स्वतःच्या वडिलांचं नाव घालूनही हक्क नाही म्हणतो?" आमचे वकील हो म्हणाले.

निकाल भाभींच्या बाजूने लागला. कोवळा माल बाजूला काढणं आणि छापा स्वतः मारणं, या दोन गोष्टींना त्यात वजन दिलं होतं. भाभींना मी फोनवर सांगितलं. त्या रडल्या. इम्रान पुढच्याच हिवाळ्यात दुबई सोडून घरी आला.

इथपर्यंतची हकिगत मी अनेकदा अभिमानाने सांगितली आहे. पुढची सांगत नाही, ती इथे लिहितो.

इम्रान मेहनती मुलगा. त्याने प्रमाणपत्र चौकटीत लावलं आणि पहिल्याच हंगामात सांगितलं, की दुबईचा माल जायचा तर शीड मार्क्यावर फक्त आपली बाग. एक कच्ची पेटी गेली तर ऑर्डर गेली. चूक म्हणता येत नाही. मी मधला मार्ग म्हणून परवान्याचा करार तयार करून दिला. शेजाऱ्यांनी सही करायची, तपासणी करून घ्यायची, मार्का लावायचा. जे आजवर चाललं होतं तेच, फक्त कागदावर. भाभींनी तो वाचून घेतला आणि माझ्या हातात परत ठेवला. "लतीफला मी कागद देऊ? सई कर आणि आंबा पाठव म्हणून?" लतीफनेही तो बघितला नाही. त्या हंगामात भाभींच्या अंगणात परक्याची एक पेटी आली नाही. लोकांनी आपापले छापे कापून घेतले आणि वाशीत नव्या मार्क्याला मिळतो तो भाव घेतला.

त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये कराच्या कागदांवर सह्या घ्यायला मी गेलो तर भाभी घरात नव्हत्या. इम्रान जरा ओशाळून म्हणाला, "अम्मी लतीफचाचांकडे हाय."

शेजारच्या अंगणात प्लास्टिकचं पिंप अर्धं भरून ठेवलं होतं आणि भाभी कोपरापर्यंत बाह्या सारून आंबे पाण्यात सोडत होत्या. लतीफ पेंढा पसरत होता. त्याच्या पेट्यांवर नांगराची आकृती, गलबताचा नांगर. अजून वाशीत त्या मार्क्याला कोणी ओळखत नव्हतं. मला बघून तो हात झटकत पुढे आला आणि नांगर नोंदायला काय करावं लागतं, किती काळ जातो, असं विचारू लागला. मी सांगितलं. त्याने ते मनात बसवून घेतलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे दुसऱ्या कोणाच्या तरी पेट्या होत्या, बिनछाप्याच्या.

"नोंदला, आणि त्या पेट्यांवर बी नांगर मारला, तर चालतो काय? ता आधी सांगा."

"तपासून घेतल्या तर चालतं," मी म्हटलं. "पण मालकाने तपासायला हव्यात. म्हणजे तुम्ही."

लतीफ मागे वळून भाभींकडे बघू लागला. भाभींनी पिंपातून तरंगता आंबा उचलला आणि त्याच्या हातात दिला.